लाल शाईच्या नकला

दत्तू,

काल तुझी शोकसभा झाली. असल्या सभांचा तुला केवढा वैताग होता! "मेलेल्या मानसाची इतकी तारीफ करतेत की त्याच्या बायकोले वाटते, हे कोनाबद्दल बोलून राह्यले," असं तूच म्हणायचास. सुमनवहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि वकीलसाहेबांनी तुला "मायमराठीचा अखंड तेवणारा नंदादीप" म्हटलं तेव्हा त्यांनी खरोखरच मान वर करून पाहिलं. तू असतास तर विंगेतून फिस्सकन हसला असतास.

मीही बोललो. काय बोललो ते तुला सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी मागचं सगळं काढावं लागेल, कारण तुझ्या-माझ्यात एक वाक्य राहून गेलं होतं. ते मी बोलायचं होतं. सतरा वर्षं मी ते बोललो नाही आणि तू गेलास.

आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये डाव्या विंगेत ते सागवानी स्टूल अजून तसंच आहे. एक पाय आखूड, त्याखाली तू घडी घालून सरकवलेला जाड कागद. आदिलाबादच्या मराठी मंडळात नट पुष्कळ झाले, अध्यक्ष तर ढिगाने झाले, पण प्रॉम्प्टर एकच झाला. दुसरे प्रॉम्प्टर अख्खं वाक्य ओरडतात आणि ते नटाच्या आधी तिसऱ्या रांगेला ऐकू जातं. तू फक्त पहिला शब्द द्यायचास, तोही अर्धा. एकदा माझ्या शाळेतली सगळी मुलं समोर बसलेली पाहून माझं डोकं साफ कोरं झालं होतं. तू नुसतं "पण" म्हणालास. तेवढ्यावर मला दीड पानाचं भाषण आठवलं. प्रयोगानंतर सगळ्यांनी मास्तरांच्या पाठांतराचं कौतुक केलं आणि तू पानाला चुना लावत गालातल्या गालात हसत होतास. त्या "पण"चे आभार मी कधी मानले नाहीत. तेही राहिलंच.

आणि तुझ्या त्या नकला. आपल्याकडे नाटकाची वही एकच असायची, म्हणून प्रत्येक नटाला तू त्याच्यापुरती नक्कल उतरवून द्यायचास. वर समोरच्याच्या बोलण्याचे शेवटचे चार शब्द, खाली एक आडवी रेघ, आणि रेघेखाली आपलं भाषण. चार शब्द ऐकायचे, रेघेखालचं बोलायचं. आम्ही लहानपणापासून तसंच शिकलो, त्यामुळे हे कुणाला समजावून सांगावं लागतं हेच आमच्या ध्यानात नव्हतं. तुझ्या मात्र होतं. तहसील कचेरीत अहलकाराची कारकुनी करता करता, मिसलींच्या, म्हणजे फायलींच्या गठ्ठ्याआड लपवून, तू शंभरेक नकला तरी उतरवल्या असशील.

मग ते वर्ष आलं. निजामाचं संस्थान भारतात विलीन झालं तेव्हा आपण पेढे वाटले होते. पुढे आठ वर्षांनी भाषेप्रमाणे त्याचेच तीन वाटे झाले, तेव्हा आपण पलीकडे, आंध्रात राहिलो. आपण कुठे हललो नव्हतो, सरहद्द हलली होती. सरकारी नोकरांना विचारण्यात आलं की कुठे जाता. आणि बघता बघता मंडळ रिकामं व्हायला लागलं. आपला नायक नांदेडला गेला. तबलजी गेला. भूमिका करणाऱ्या दोघी मास्तरणी एकाच आठवड्यात गेल्या. दर रविवारी कुणाचा तरी निरोपसमारंभ आणि तेच ते पोहे.

तू गेला नाहीस. मीही गेलो नाही, पण आपली कारणं वेगळी होती. माझी आई हलायला तयार नव्हती. तू मात्र अर्जाचा कागद हातात धरून मला म्हणाला होतास, "मास्तर, तामसीले माही कपाशी हाये, अठी माहं स्टूल हाये. मी कायले जाऊ?"

मग तुझ्या डोक्यात ते आलं. हॉल सगळ्या गावाला उघडायचा. एक रविवार मराठी, एक रविवार तेलुगू. एकच वाचनालय, दोन्ही भाषांची कपाटं शेजारी शेजारी. आणि नट कमी पडतात तर तेलुगू बोलणाऱ्यांना आपल्या नाटकात घ्यायचं, त्यांच्या नाटकात आपण जायचं. बेल्लमपल्लीकडून आलेला राजमल्लू तेव्हा दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. तू म्हणालास, त्याची नक्कल मी तेलुगू अक्षरांत उतरवून देतो. आणि दिलीसही.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आज हसू येतं, पण तेव्हा माझ्या शाळेतले मराठी वर्ग एकामागून एक कमी होत होते. मुख्याध्यापक बदलले, फळ्यावरची भाषा बदलली. मला वाटायचं, हॉल तेवढा उरला आहे, तोही हा मनुष्य हाताने उचलून देतो आहे. आपण बसस्टँडसमोर उभं राहून भांडलो होतो, आठवतं?

"आपलं एवढंच उरलं हाये दत्तू, तेही वाटून टाकतो का?"

"वाटून राह्यलो नाई बाप्पा. जागा करून राह्यलो. बंद दाराआड आपन दहा जनं बसून कोनाले नाटक दाखवू? एकमेकाले?"

"दहा तर दहा."

"अन् पाच झाल्यावर?"

तामसीची बस आली आणि तू चढलास. त्या प्रश्नाचं उत्तर मी आजही शोधतो आहे, आणि तुझंच बरोबर होतं असं म्हणायला जीभ अजून जड होते.

वकीलसाहेबांनी मधला मार्ग काढला. त्यांनीच लिहिलेलं दोन भावांच्या वाटणीचं नाटक बसत होतं. थोरला मी. धाकट्याची नांदेडला बदली झाली होती. तर धाकट्याचं काम राजमल्लूला द्यावं, प्रयोग पाहावा, आणि पुढच्या रविवारी तुझा ठराव मतांना टाकावा. सगळं त्या एका प्रयोगावर येऊन ठेपलं.

प्रयोगाला पाच दिवस असताना तामसीहून निरोप आला की तुझ्या वडिलांचा पाय मोडला. तू निघालास. जाताना राजमल्लूची नक्कल माझ्या हातात दिलीस आणि तीन-तीनदा बजावलंस, "त्याले नीट समजावून सांग. रेघेवरचं आयकायचं, रेघेखालचं बोलायचं. त्यानं अशी नक्कल जल्मात पाहिली नाई. तेलुगू मंडळीत गुरू तोंडी शिकवतो."

राजमल्लू संध्याकाळी माझ्या दारात आला. धुतलेला सदरा, हातात चपला. आत बोलावलं तरी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. नक्कल उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "मास्टरगारू, हे कसं वाचायचं? थोडं सांगता का?"

दत्तू, मला फक्त दोन मिनिटं लागली असती.

मी म्हणालो, "सांगायचं काय त्यात? सगळं पाठ कर. वरपासून खालपर्यंत."

"सगळं?"

"सगळं. एक शब्द सोडू नको."

तो हसला, नमस्कार केला आणि गेला. मी दार लावलं. मी जेवलो आणि वह्या तपासल्या. दुसऱ्या दिवशी तालमीत मी त्याला फक्त कुठून यायचं आणि कुठून जायचं तेवढं दाखवलं, भाषणं म्हणू दिलीच नाहीत. शनिवारी तू तामसीहून पिशवी खांद्यावर घेऊन थेट माझ्याकडे आलास. पाणीसुद्धा न पिता विचारलंस, "राजमल्लूले समजावलं ना?"

"हाव. समजावलं."

तू हुश्श केलंस आणि मग पाणी प्यायलास. राजमल्लू रविवारी दुपारपर्यंत दवाखान्यात ड्यूटीवर होता, तुला पडदा आणि रंगपेटी बघायची होती. आणि मी सांगितलं होतं ना, म्हणून तू पुन्हा विचारलं नाहीस.

खेड्यांतल्या मंडळींना परतीची बस मिळावी म्हणून आपला प्रयोग दुपारी तीनला असायचा. हॉल भरला होता. तेलुगू घरंसुद्धा पहिल्यांदाच आली होती, राजमल्लूची आई मागच्या बाकावर पदर सावरून बसली होती. पहिला प्रवेश झाला. मी म्हणालो, "इतकं सगळं झाल्यावर आता कुठे जाणार तू?"

राजमल्लूने छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आता कुठे जाणार तू? मी कुठेच जाणार नाही, दादा. हे घर माझंही आहे!"

लोकांना वाटलं, रागाने उलटून विचारतो आहे. एकाने टाळीसुद्धा दिली. मी पुढचं म्हटलं, शेवट "आणि आपल्या आईचं काय?" तो म्हणाला, "आणि आपल्या आईचं काय? आई माझ्याजवळ राहील." मागून कुणीतरी खुदकन हसलं. तिसऱ्याला अर्धा हॉल हसला. चौथ्याला पोरं त्याच्यासोबत म्हणायला लागली. विंगेतून तुझा आवाज आला, आयुष्यात पहिल्यांदा तिसऱ्या रांगेला ऐकू जाईल एवढा, "रेघेखालचं! राजमल्लू, रेघेखालचं!" त्याला काय कळणार? तो थांबला. घाम येऊन त्याचा रंग ओघळायला लागला. मग तू पुढचे दोन अंक त्याला एकेक वाक्य विंगेतून दिलंस आणि ते नाटक ओढत शेवटापर्यंत नेलंस. मी समोर उभा होतो. मला लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, आतून बरंही वाटत होतं.

रंगपटात सगळे जमले. राजमल्लूची एक मिशी सुटून लोंबत होती आणि ती काढायचंही त्याला सुचत नव्हतं. मी सगळ्यांदेखत तुला म्हणालो, "दत्तू, तुझी नक्कलच घोळाची होती. नवख्या मानसाले कळंल असं लिहायला नको?"

तू राजमल्लूकडे पाहिलंस. राजमल्लूने माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. तू रंगपेटीचं झाकण लावलंस. मग म्हणालास, "हाव. माहंच चुकलं. रेघ ठसठशीत पायजे होती."

पुढच्या रविवारी ठराव पडला. चिटणीस तूच होतास, त्यामुळे तुझ्याविरुद्ध वर झालेले हात तुलाच मोजावे लागले. माझ्या हाताशी येऊन तू क्षणभर थांबलास आणि पुढे गेलास.

त्यानंतर तुझ्या नकलांत लाल शाई आली. रेघेवरचे शब्द लाल, रेघेखालचे निळे. आम्हा सगळ्यांच्या नकलांत, ज्यांना त्याची काही गरज नव्हती त्यांच्यासुद्धा. तुझी बेज्जूरला बदली झाली तेव्हा तिथल्या जंगलातून बसच्या कंडक्टरच्या हाती तू नकला पाठवायचास. कागद ओलसर यायचा, निळी शाई फुटलेली असायची, लाल मात्र नीट दिसायची. दर नाटकाला मी ती पाहिली. दर नाटकाला वाटलं, आता सांगावं. आणि दर वेळी मूग गिळून बसलो.

मग तू म्हणाला होतास तेच झालं. दहाचे पाच झाले. एका गणपतीत नाटकच झालं नाही. तू बेज्जूरहून परत आलास आणि तोच ठराव पुन्हा मांडलास, एक शब्दही न बदलता. या वेळी पहिला हात मी वर केला. तू चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिलास. सगळे थांबले होते.

"काई बोलायचं हाये का, मास्तर?"

"नाई."

"नक्की?"

"नाई म्हटलं ना!"

तू मान हलवलीस आणि हात मोजलेस. मला वाटलं, तू मला टोचतो आहेस, आणि मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही. राजमल्लू परत आला. तुझ्या ओसरीवर बसून तो देवनागरी शिकला. त्याने धाकटा भाऊ केला, पुढे थोरला केला, सासरा केला, आणि एकदा तर वकीलसाहेबांच्या नाटकात बरं कामही करून दाखवलं, जे आपल्यापैकी कुणाला जमलं नव्हतं. आपण त्यांच्या नाटकांत गेलो. मी तेलुगूत द्वारपाल झालो आणि माझ्या उच्चारांवर तू पोट धरधरून हसलास. दोन वर्षांपूर्वी तुझे डोळे अधू झाले तेव्हा तू स्टूल आणि वही राजमल्लूच्या स्वाधीन केलीस.

शेवटचं आपण तुझ्या घरी भेटलो. तू खाटेवर होतास, आवाज बसला होता. मी नव्या नाटकाची पात्रयोजना वाचून दाखवली, आपण सासूच्या भूमिकेवरून वाद घातला. मी उठलो तेव्हा तू माझं मनगट धरलंस.

"मास्तर, काई राह्यलं तर नाई ना?"

मी म्हणालो, "नाई रे, सगळं जमलं."

तू मनगट सोडलंस. चौथ्या दिवशी गेलास.

तुझा दहावा झाला त्या संध्याकाळी राजमल्लू माझ्याकडे आला. या वेळी आत येऊन खुर्चीत बसला. हातात फडक्यात बांधलेला गठ्ठा होता, तुझ्याकडच्या नकलांचा. सगळ्यांत वर त्याची पहिली नक्कल होती, तेलुगू अक्षरांतली, एकाच शाईची. तिच्यातली रेघ चांगली ठसठशीत होती, दत्तू. मी तिच्यावरून बोट फिरवून पाहिलं.

मी म्हणालो, "राजमल्लू, मला तुला एक सांगायचंय."

तो म्हणाला, "माहीत आहे, मास्टरगारू. दत्तन्नालाही माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. नाटक संपलं, तुम्ही घरी गेले. त्याने मला विचारलं, मास्तर काय बोलला ते शब्दाला शब्द सांग. मी सांगितलं. तो बोलला, कुणालाच सांगू नको. मास्तर आपल्या तोंडाने सांगेल. भला माणूस आहे, त्याला फक्त जरा वेळ लागतो."

पहिल्यांदा मला तुझा राग आला. भयंकर राग आला. सतरा वर्षं माझ्यासमोर बसून चहा प्यालास, पानं खाल्लीस, लाल शाईच्या बाटल्या संपवल्यास, आणि मनात हे ठेवलंस? अरे, एकदा शिवी द्यायची होतीस! चारचौघांत माझी लाज काढायची होतीस! मी भांडलो असतो, खोटं बोललो असतो, पण शेवटी कबूल केलं असतं. राजमल्लू गेल्यावर मी तुझ्या नावाने मोठ्याने बोललो आणि बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग मी खुर्चीत बसून रडलो. ती बाजूला बसून राहिली.

जरा वेळ. तू मला भला माणूस म्हणालास आणि ते खरं ठरायची वाट पाहत राहिलास. त्या ठरावाच्या दिवशी तू टोचत नव्हतास. खाटेवरून तू पात्रयोजनेचं विचारत नव्हतास. सगळ्या गावाला तू शब्द दिलेस, मला या एका जागी दिला नाहीस. ते बोलणं माझं मलाच आठवायला हवं होतं.

तर काल. हॉल भरला होता, अर्धे मराठी, अर्धे तेलुगू, राजमल्लूची म्हातारी आई आता पुढच्या बाकावर. तीन वाजता सभा सुरू झाली, तामसीहून तुझी माणसं आली होती म्हणून. वकीलसाहेबांनंतर मी उभा राहिलो. घरी सगळं लिहून पाठ केलं होतं. नाटकाचं सांगितलं, नकलेचं सांगितलं, राजमल्लू माझ्या दारात चपला हातात घेऊन उभा होता ते सांगितलं. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या.

"त्याने मला विचारलं, हे कसं वाचायचं," मी म्हणालो. "आणि मी त्याला म्हणालो..."

पुढचं येईना. पाठ केलेलं सगळं गेलं. इतक्या वर्षांची सवय, माझी मान आपोआप डाव्या विंगेकडे वळली.

स्टुलावर राजमल्लू बसला होता. तिथे बसायचं काही कारण नव्हतं, सभेला प्रॉम्प्टर कोण बसवतो? त्याच्या मांडीवर वही नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तुझ्यासारखंच, तिसऱ्या रांगेला जाणार नाही अशा आवाजात, फक्त पहिला शब्द दिला.

"सगळं..."

"सगळं पाठ कर, वरपासून खालपर्यंत," मी म्हणालो. "असं मी त्याला म्हणालो. मुद्दाम. दत्तूची नक्कल बरोबर होती."